केसमागे पस्तीस मिनिटं

माझं काम दर लावण्याचं आहे. मी लॉ फर्ममध्ये आहे असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच आपल्या व्हिसाची, नाहीतर पुण्यातल्या फ्लॅटची भानगड काढतो. मग मला खुलासा करावा लागतो की मी वकील नाही, वकिलांची किंमत ठरवणारी बाई आहे. कुठल्या कामाला किती वेळ लागेल, त्या वेळेचे किती पडतील आणि शेजारच्या फर्मपेक्षा किती खाली उतरलं तर काम आपल्या पदरात पडेल, हे मी बघते. सोळा वर्षं दुबईत हेच करते आहे आणि मी त्यात चांगली आहे. ही बढाई नाही. मी जरा कमी हुशार असते तर पुढचं बरंचसं टळलं असतं, एवढंच सांगायचं आहे.

सरकारी टेंडरला दोन लिफाफे असतात. आता सगळं ऑनलाइन भरतात, तरी आम्ही लिफाफाच म्हणतो. पहिल्यात काम कसं करणार ते लिहायचं, दुसऱ्यात फक्त दर. पहिला पास झाला की मगच दुसरा उघडतात आणि ज्याचा आकडा सगळ्यात कमी त्याला काम मिळतं. त्यामुळे पहिल्यात सगळेच सढळ हाताने गोड लिहितात आणि दुसऱ्यात सगळेच हात आखडतात. आमच्या फर्ममध्ये दोन्ही लिफाफे माझ्याच टेबलावरून जातात.

ते टेंडर आलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. एका सरकारी खात्याला कामगारांसाठी मोफत कायदेशीर मदतीचं केंद्र चालवायला फर्म हवी होती. जागा जबल अलीला, कामगारांच्या कॅम्पच्या बस थांबतात तिथून चालत जाण्यासारखी. कामगाराने काही द्यायचं नाही, सरकार फर्मला केसमागे ठरलेली रक्कम देणार. इतकी वर्षं मी कंपन्यांच्या भांडणांचे दर लावले होते. पहिल्यांदाच वाटलं की हे काम घरी सांगण्यासारखं आहे.

पहिला लिफाफा मी घरी बसून लिहिला. आम्ही सिलिकॉन ओएसिसला राहतो. दुपारची वेळ होती, मुलगा शाळेत होता आणि मावशी ओट्याशी चपात्या लाटत होत्या. मावशी म्हणजे आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई. मिरजेकडच्या, पन्नाशीला आलेल्या. नवरा गेल्यावर दहा वर्षांच्या मुलीला दीर-जावेकडे ठेवून त्या इकडे आल्या, त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती. माझ्या मुलाला ताप आला की तो माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे जायचा.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: ज्यांच्यासाठी ही सेवा आहे त्यांच्याशी आपण चर्चा केली आहे का? मी मान वळवून विचारलं, "मावशी, तुम्हाला कधी वकिलाकडे जायची वेळ आली, तर त्याने काय करावं असं वाटतं?"

त्या लाटणं थांबवून विचार करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मधी बोलू नये, ताई. आमच्यासारख्याला मुद्द्याचं सांगता येत नाही. पहिल्यापासनं सांगावं लागतं. तेवढं ऐकून घ्यावं."

मी ते इंग्रजीत छान वळवून लिहिलं. अर्जदाराला आपली हकिगत आपल्या क्रमाने सांगू दिली जाईल, त्याला घाई वाटणार नाही, गरज पडेल तर पुन्हा बोलावलं जाईल. 'लाभार्थींशी सविस्तर चर्चा' या रकान्यात होय लिहिलं. त्या लिफाफ्याला पुढे आम्हाला सगळ्यांपेक्षा जास्त मार्क मिळाले. आमच्या मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये तो परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला होता.

दुसरा लिफाफा भरायच्या दिवशी माझा आकडा केसमागे सहाशे वीस दिरहमचा होता. म्हणजे चौदा हजार रुपये, असं मी सवयीने मनात म्हटलंच. त्यात दीड तासाची पहिली भेट होती, तासाभराची दुसरी भेट होती आणि लागतील तितक्या कागदांचं अरबी भाषांतर होतं. दुपारी साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. दुसरी एक फर्म चारशेच्या आसपास भरणार असं त्यांना कुठून तरी कळलं होतं.

"यल्ला, चल, नंबर खाली आण," ते म्हणाले. "फोर हंड्रेडच्या खाली. हाऊ, दॅट्स युअर मॅजिक."

साडेतीन ते पाच मी जादू केली. दीड तासाची पस्तीस मिनिटं केली. दुसरी भेट काढून टाकली. भाषांतर पाच पानांपर्यंत, त्यापुढे अर्जदाराच्या खर्चाने. मग एक ओळ राहिली होती: फोनवरचे आवाजी मेसेज आणि रेकॉर्डिंग ऐकणं आणि उतरवून घेणं. हे मीच मुद्दाम घातलं होतं, कारण कामगारांकडे कागद नसतात, सगळा व्यवहार फोनवर बोलून झालेला असतो, हे मला माहीत होतं. पण ऐकायला वेळ फार जातो. मी त्या ओळीपुढे 'वगळले' लिहिलं आणि आकडा तीनशे नव्वदवर आला. तीनशे नव्वद, म्हणजे नऊ हजार रुपये. काम आम्हाला मिळालं. ऑफिसात केक कापला, साहेबांनी पहिला तुकडा मला भरवला आणि मी फोटोत दात काढून हसले आहे.

आता घरातली गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगणं माझ्या जिवावर येतं.

मावशी एका क्लीनिंग कंपनीच्या व्हिसावर होत्या. कंपनी त्यांना तासांवर घरोघरी पाठवायची. तासाला पस्तीस दिरहम कंपनी घ्यायची, म्हणजे आठशे रुपये, आणि त्यातले मावशींच्या हातात फार थोडे यायचे. हे मला सहन होईना. सहन होईना ते मावशींसाठी की माझ्यासाठी, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही. मी मावशींना म्हटलं, तुम्ही सरळ माझ्याकडेच या, रोज, मी तासाला पंधरा देते. त्यांना जास्त मिळणार, मला कमी पडणार. कंपनीच्या सुपरवायझरला दर महिन्याला त्याचा वाटा दिला की तो हजेरी सांभाळणार. इथे कितीतरी घरांत असं चालतं आणि इथे ते बेकायदा आहे, हेही सगळ्यांना माहीत असतं. दुसऱ्याच्या व्हिसावरचं माणूस घरी कामाला ठेवलं तर दंड असा आहे की आकडा ऐकूनच घाम फुटतो. पण मला वाटलं, मी काय झकास सौदा जमवला. नवऱ्याने तर मित्रांना सांगितलं, "हिला घरीपण टेंडर काढल्याशिवाय चैन पडत नाही."

अकरा महिने सुरळीत गेले. सुपरवायझर आवाजी मेसेज पाठवायचा. मावशींना वाचायला त्रास व्हायचा म्हणून तो बोलूनच पाठवायचा. मी ते ऐकले आहेत. "ठीक है, उसी मॅडम के घर काम करते रहो. ऑफिस में मैं संभाल लूंगा." मग एक दिवस त्याची नोकरी गेली, कंपनीचा मालक बदलला, आणि नव्या माणसाने रजिस्टर उघडून बघितलं तर ही बाई कामावर येतच नव्हती.

मावशींच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मे महिन्यातला रविवार, दुपारी बारा सत्तावीसचा मुहूर्त. त्या गेली पाच वर्षं गावी गेल्या नव्हत्या, सुट्टी साठवत होत्या, तिकिटाला लागेल म्हणून बाजूला ठेवत होत्या. साडी मात्र घेऊन ठेवली होती. मोरपंखी रंगाची, मुलीच्या आईला शोभेल अशी. ती माझ्या कपाटात होती, कारण अल कुसैसला त्यांच्या खोलीत सहाजणी राहायच्या आणि कपाट एकच होतं.

लग्नाला एक महिना होता तेव्हा त्या व्हिसाची तारीख बघायला म्हणून अल कुसैसच्या टायपिंग सेंटरमध्ये, म्हणजे सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात, गेल्या. तिथल्या माणसाने नंबर घातला आणि म्हणाला, आंटी, आप पर तो फरार लगा है. कामगार न सांगता नाहीसा झाला अशी तक्रार कंपनीने केली की नावापुढे ती नोंद लागते, आणि ती निघेपर्यंत सरळ मार्गाने देश सोडता येत नाही. मावशी तिथून थेट माझ्याकडे आल्या. चपला दाराबाहेर काढल्या आणि आत न येता उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"ताई, मी फरार हाय म्हणतात," त्या म्हणाल्या. "मी तर रोज इथंच असते."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "हे बघ, आपलं नाव कुठेही येता कामा नये. फाइन किती आहे तुला माहितेय. आपलापण व्हिसा आहे, याची शाळा आहे. शी कॅन गो टू युअर सेंटर ना? फ्री आहे, तुमचंच आहे."

त्याने सुचवलं असं म्हणून मी त्याच्यावर ढकलत नाही. मलाही तेच सुचलं होतं आणि मला हायसं वाटलं होतं. मी मावशींना समजावलं की तिथे चांगली माणसं आहेत, सगळं नीट ऐकून घेतात, शांतपणे बसवतात. मी हे इतक्या विश्वासाने सांगितलं, कारण ते वाक्य मीच लिहिलं होतं. लोक दुसऱ्याच्या जाहिरातीला फसतात. मी माझ्याच पहिल्या लिफाफ्याला फसले. दर माझ्या हाताने कापलेले, पस्तीस मिनिटं माझ्या हाताने टाकलेली, तरी त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे आला तो साहेबांनी वाचून दाखवलेला परिच्छेद.

मी सुट्टी काढून त्यांना जबल अलीला सोडलं. पण केंद्राच्या दारात नाही. मला ओळखणारी माणसं आत होती, म्हणून गाडी दोन चौक अलीकडे एका गोदामाच्या सावलीत उभी केली. मावशी प्लास्टिकच्या पिशवीत पासपोर्टची झेरॉक्स आणि फोन घेऊन उन्हातून चालत गेल्या. मी एसी लावून गाडीत बसले. मला वाटलं होतं दोन तास तरी लागतील. त्या पाऊण तासात परत आल्या.

"झालं?" मी विचारलं.

"झालं म्हणायचं," त्या म्हणाल्या. हायवेला लागल्यावर सांगायला लागल्या. "पोरगी चांगली होती, केरळची. पण तिच्या टेबलावर घड्याळ होतं, ताई. ती माझ्याकडं बघायची न् घड्याळाकडं बघायची. मी पहिल्यापासनं सांगाय लागले, आमचे मालक गेले तिथनं. ती म्हणाली, आंटी, शॉर्ट में बोलो. मला शॉर्टमध्ये येईना. मग वेळ संपत आली तवा मी म्हटलं, माझ्या फोनात त्या सुपरवायझरचे आवाज हायत, अकरा महिन्यांचे. ऐका म्हटलं. ती म्हणाली, वो इसमें नहीं आता. कागज है तो दो. कागद कुठला द्यायचा?"

"मग काय लिहिलं तिने?"

"माझी चूक नाही, माफ करा, पोरीचं लग्न हाय, असं लिहिलं. सही घेतली." मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ताई, काय ऐकायचं न् काय नाही, हे कोण ठरवतं हो?"

"वरचे लोक," मी म्हटलं. गाडी चालवत होते म्हणून त्यांच्याकडे बघायची वेळ आली नाही.

त्या केरळच्या मुलीला मी ओळखते. हुशार आहे, कळवळ्याची आहे. पण दिवसाला अकरा माणसं बसवली तरच तो दर परवडतो आणि तो अकराचा आकडाही माझ्याच शीटमधला. मी दुसऱ्या दिवशी केंद्राच्या मॅनेजरला फोन करून आडून आडून विचारलं, एखाद्याकडे आवाजी मेसेज असतील तर काही करता येतं का? तो हसला. "मॅडम, तुम्हीच तर एक्स्क्लूड केलंय ते. आम्ही ऐकत बसलो तर खलास, महिना लॉसमध्ये."

आठ दिवसांनी अर्ज नामंजूर झाला. पुरावा नाही, असं एक ओळीचं कारण होतं. केंद्रात दुसरी भेट नव्हती. पुढे जायचं तर स्वतःच्या खर्चाने.

तेव्हा मी एक खाजगी वकील गाठला. मावशींना घेऊन त्याच्या ऑफिसात गेले. लाजेखातर का होईना, त्याची फी मी भरली. त्याने चहा मागवला, मावशींना पहिल्यापासून सांगू दिलं, सगळे मेसेज ऐकले, मधेच थांबवून पुन्हा ऐकले. दोन तास लागले. शेवटी तो म्हणाला की केस भक्कम आहे, कंपनीला ही बाई कुठे आहे ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे मेसेज पहिल्याच अर्जात असते तर एव्हाना नोंद निघाली असती. आता आधी तो नामंजूर झालेला अर्ज उघडावा लागेल, मेसेज उतरवून त्यांचं अरबी करावं लागेल, आणि त्याला दीड-दोन महिने जातील. लग्नाला अठरा दिवस राहिले होते.

"दुसरा काही रस्ता?" मी विचारलं.

तो म्हणाला, "ज्यांच्या घरी ही काम करत होती, त्यांनी सही करून लिहून दिलं की ही अकरा महिने रोज आमच्याकडे होती, कंपनीच्या माणसाच्या संमतीने, तर मी आठवड्यात करून देतो. पण ते लोक देणार नाहीत. कोणीच देत नाही." हे बोलताना तो माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं असावं. मावशींनी मान खाली घालून पिशवीची चेन लावली, उघडली, परत लावली.

"नाही, ते मिळणार नाही," मी म्हटलं.

पत्र मी लिहिलं होतं, हे कोणाला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, एका पानात. मला असली पत्रं लिहिता येतात, फार नीट लिहिता येतात. तारीख, पत्ता, किती वाजता यायच्या, किती वाजता जायच्या. प्रिंट काढून पर्समध्ये ठेवलं. रोज घरी न्यायची आणि रोज परत आणायची. दंडाचा आकडा मनात घोळायचा, फर्मला कळलं तर नोकरी जाईल हे घोळायचं, मुलाची शाळा घोळायची. माझी तीही कामाचीच सवय. एका बाजूला काय काय जाईल ते मी ओळीने मांडू शकत होते. दुसऱ्या बाजूला एकच गोष्ट होती, एका आईने मुलीच्या लग्नाला असणं, आणि त्याला माझ्याकडे दर नव्हता. सात दिवस उरले तेव्हा मी ते पान ऑफिसच्या मशीनमध्ये घालून फाडलं. भित्री होते मी. याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

मावशींनी पत्राचं एकदाही काढलं नाही. रोज आल्या, चपात्या केल्या, मुलाचा डबा भरला. त्यांनी एकदा जरी म्हटलं असतं, ताई, तुम्ही लिहून द्या ना, तर मला त्यांचा राग करता आला असता. त्यांनी तेवढीही सोय मला दिली नाही. चार दिवस उरले तेव्हा त्यांनी जावेला फोन करून सांगितलं की मला रजा मिळत नाही, मुहूर्त हलवू नका.

पुढे जुलैत वकिलाने ती नोंद काढली, त्या मेसेजच्या जोरावरच. मावशी गेल्या आणि परत आल्या नाहीत. आमच्या फर्मला केंद्राचं काम आणखी वाढवून मिळालं. पण मला सांगायचं आहे ते मेमधल्या त्या रविवारचं.

त्या सकाळी मावशी सातलाच आल्या. खोलीत सहाजणींच्या गर्दीत फोन बघता येणार नाही म्हणून मीच त्यांना आमच्याकडे बोलावलं होतं. आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि दार लोटून घेतलं. दहा वाजता बाहेर येऊन माझ्या कपाटातली मोरपंखी साडी मागून घेतली, नेसल्या, केस बांधून मोगऱ्याचा गजरा घातला. माझ्या मुलाने विचारलं, "मावशी, यू लुक सो नाइस! पण व्हाय आर यू नॉट गोइंग? इट्स युअर डॉटर्स वेडिंग."

"विमान चुकलं रे बाळा," त्या म्हणाल्या. त्याने माझ्याकडे बघितलं. मी हॉलमधल्या खुर्च्या सरळ करायला लागले.

मुहूर्त आमच्याकडे अकराला तीन मिनिटं कमी असताना होता. फोन डायनिंग टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून ठेवला. तिकडे कोणा पुतण्याच्या हातात फोन होता, तो सारखा हलत होता. कधी पंखा दिसे, कधी कोणाचा फेटा. अंतरपाट धरलेला दिसला आणि मावशींनी वाटीतल्या कुंकू लावलेल्या अक्षता आमच्या तिघांच्या हातावर घातल्या. मंगलाष्टकं तुटक तुटक ऐकू येत होती. दर 'सावधान'ला त्या फोनच्या काचेवर अक्षता टाकायच्या. माझा नवरा, जो कधी कशाला भावूक होत नाही, तोही उभा राहून टाकत होता. मुलगी मला नीट दिसलीच नाही. मावशींना दिसली का, हे मी विचारलं नाही.

अर्ध्या तासाने नवरी स्वतः फोनवर आली. मुंडावळ्या एका बाजूला सरकल्या होत्या. आई आणि मुलगी काय बोलल्या ते मी ऐकायला थांबले नाही, बाल्कनीत जाऊन उभी राहिले. पण मावशींनी हाक मारली. "ताई, ती तुमच्याशी बोलायचं म्हणते."

मी फोन घेतला. बावीस वर्षांची मुलगी, नाक अगदी आईसारखं. ती म्हणाली, "ताई, आई सांगते, तुम्ही तिच्यासाठी फार धावपळ केली. वकील केला, स्वतः गाडीनं नेलं. इतकं घरचंपण कोणी करत नाही. आई तिथं एकटी नाही, तुमच्यापाशी आहे, म्हणून आज मी रडले नाही बघा."

मी "सुखी राहा" म्हटलं. आणखी काही बोलले असते तर ते खोटं झालं असतं, नाहीतर खरं सांगावं लागलं असतं. मी फोन मावशींच्या हातात दिला.

फोन ठेवून त्यांनी पदराने डोळे कोरडे केले आणि पदर कमरेला खोचला. मग स्वयंपाकघराचं दार उघडलं. मसालेभात होता, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा आणि जिलेबी. जिलेबी तेवढी विकतची होती. आमच्या तिघांसाठी त्यांनी ताटं मांडली, प्रत्येकापुढे रांगोळीची एक रेघ काढली.

"मावशी, तुम्हीपण बसा," मी म्हटलं.

"मुलीची आई आधी बसत नाही, ताई. आधी पाहुणे जेवले पाहिजेत."

त्या एकेका ताटाशी वाकून वाढत होत्या. मी हात आडवा केला, तो त्यांनी हळूच बाजूला केला आणि भात वाढला. "असं नाही चालायचं," त्या म्हणाल्या. "तिथं मला कोणाला वाढायला मिळालं नाही. तुम्ही तरी पोटभर जेवा." पुन्हा जिलेबी आली. पुन्हा भात आला. मी सगळं खाल्लं, अगदी ताट स्वच्छ होईपर्यंत, कारण त्या बाईला नाही म्हणण्याचं तोंड मला उरलं नव्हतं.